सामूहिक वनहक्काचा दावा: फॉर्म सगळ्यांत शेवटी भरायचा

परत आलेल्या दाव्यांच्या फायली चाळल्या की एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं. फॉर्म नेटका भरलेला असतो, कधीकधी टाइप केलेलाही असतो. पण नकाशातली हद्द शेजारच्या गावाला माहीत नसते, आणि गावात तीनशे प्रौढ असताना ठरावाखाली चाळीस सह्या असतात. कोणीतरी तालुक्याहून फॉर्म आणला, दोन रात्रींत भरला आणि मग त्याला शोभेल अशी ग्रामसभा कागदावर बसवली, असा हा प्रकार. असा दावा मंजूर झाला तरी पुढे जंगल सांभाळायला गाव उभं राहत नाही, कारण गावाला ते जंगल मागितल्याचंच ठाऊक नसतं.

हा लेख वनहक्क कायदा, २००६ मधल्या कलम ३(१)(आय) या एकाच हक्काबद्दल आहे. गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचं रक्षण, पुनर्निर्मिती, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हा हक्क, बोलीभाषेत ‘सीएफआर’ (कम्युनिटी फॉरेस्ट रिसोर्स). शेतीच्या वैयक्तिक दाव्यांचा विषय वेगळा आहे, तो इथे नाही. उदाहरणं पूर्व विदर्भातली आहेत, कारण माझ्या चपला तिथेच झिजल्या. सह्याद्रीत बांबू-तेंदूच्या जागी हिरडा येईल, पण टप्प्यांचा क्रम तोच राहील.

एक पूर्वसूचना: घाई न करता सगळं नीट केलं तर एक पूर्ण वर्ष लागतं. पावसाळ्यात कागद मागवायचे, भात घरात आला की बैठका घ्यायच्या, जानेवारी-फेब्रुवारीत हद्द फिरायची. मार्चमध्ये मोह पडायला लागला की पहाटे गावात कोणी सापडत नाही आणि मे महिना तेंदूचा. तेव्हा ग्रामसभा बोलावणारा माणूस या गावचा नाही हे गाव लगेच ओळखतं.

टप्पा १: ‘गाव’ म्हणजे नक्की कोण, हे ठरवा

पहिली चूक इथेच होते. गट ग्रामपंचायतीत पाच टोल्या (वस्त्या) असतात आणि सगळ्यांची मिळून एक ग्रामसभा भरवली जाते. पण प्रत्येक टोलीचं जंगल वेगळं असतं. एका टोलीच्या देवराईबद्दल दुसऱ्या टोलीने हात वर करण्यात काही अर्थ नाही.

शिवाय गणपूर्तीचं गणित आहे. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावातले सगळे प्रौढ. पाच टोल्यांची मिळून १,४०० माणसं असतील तर ७०० जमवावी लागतील, जे लग्नातही जमत नाही. १८० प्रौढांच्या एका टोलीत ९० माणसं आणि त्यांत ३० बाया एका संध्याकाळी जमतात.

अनुसूचित क्षेत्रात असाल तर पेसा कायदा (तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम यांच्या आधारे टोली किंवा पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं. आधी ते करून घ्या. अनुसूचित क्षेत्राबाहेर असाल तर निदान महसुली गावाची ग्रामसभा वेगळी भरवा.

तपासा: तुमच्या टोलीतल्या प्रौढांची यादी हातात आहे का? मतदार यादी पुरेशी नाही. तिच्यात गाव सोडून गेलेले असतात आणि लग्न होऊन आलेल्या सुना नसतात. घरोघर फिरून यादी करा, प्रत्येक नावापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी हे लिहा. हीच यादी पुढे फॉर्मला जोडायची आहे.

टप्पा २: वनहक्क समिती जुनी असेल तर उघडून पाहा

२००८ मध्ये गावाचे दावे तयार करून तपासणाऱ्या वनहक्क समित्या अनेक ठिकाणी ग्रामपंचायत पातळीवर झाल्या. त्यांतल्या काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हे आजही माहीत नाही, काही वारले. समितीत १० ते १५ जण हवेत. त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे (ही अट २०१२ मध्ये वाढवली, आधी एक तृतीयांश होती) आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. जिथे अनुसूचित जमातीची वस्ती नाही, तिथेही स्त्रियांची अट आहेच. समितीने आपल्यातून अध्यक्ष आणि सचिव निवडायचे आणि उपविभागीय स्तरीय समितीला (ग्रामसभेचे दावे पुढे जिच्याकडे जातात ती) लेखी कळवायचं.

सचिव लिहिता-वाचता येणारा हवा, पण सगळी समिती शिकलेल्या पोरांची करू नका. ज्याला नाल्यांची नावं पाठ आहेत असा एक म्हातारा, गुरं वळणारा एक आणि मोह आणि चार (चारोळीचं फळ) वेचणाऱ्या तीन-चार बाया नसतील तर टप्पा ४ अडतो.

सावधान: वन विभागाच्या योजनेतली संयुक्त वनव्यवस्थापन समिती ही वनहक्क समिती नव्हे. लोक दोन्हींना ‘वनसमिती’ म्हणतात, शिक्केही सारखेच दिसतात आणि अध्यक्षही पुष्कळदा एकच असतो. ठरावावर चुकीचा शिक्का पडला की फाईल तिथेच थांबते. मी तर शिक्क्याच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायला सांगतो. हसतात, पण बांधतात.

टप्पा ३: कागद लेखी मागा, तोंडी नको

हे पावसाळ्यातलं काम. वन विभागाचा कक्ष नकाशा (विभागाने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांचा), गावाचा महसुली नकाशा, सात-बारा उतारे, आणि विदर्भात असाल तर निस्तार पत्रक. निस्तार पत्रकात जळाऊ लाकूड, चराई, बांबू, गवत यांबाबत गावाला काय सवलती होत्या हे लिहिलेलं असतं. ते मिळालं तर अर्धा पुरावा हातात आला. कार्य आयोजना (वन विभागाचा जंगलाच्या कामाचा आराखडा) आणि जुन्या वन चौकशीचे अहवालही मागा.

नियम १२(४) सांगतो की ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली तर संबंधित कार्यालयाने माहिती, अभिलेख किंवा कागदाची साक्षांकित प्रत द्यायची. अर्जात नियमाचा क्रमांक लिहा आणि पोचपावतीवर तारीख घ्या. नकाशे आणि मतदार याद्या पुरवणं हे उपविभागीय समितीचंच काम आहे, म्हणून एक प्रत तिकडे द्या.

कागद आले नाहीत तर वाट पाहत बसू नका. फॉर्ममध्ये कक्ष क्रमांक ‘असल्यास आणि माहीत असल्यास’ असंच विचारलं आहे. कक्ष क्रमांक नाही म्हणून दावा घेत नाही असं कोणी म्हणालं तर हे शब्द दाखवा.

टप्पा ४: हद्द पायाने फिरा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बाकी कुठलीही चूक पुढे दुरुस्त होते, हद्दीची चूक मात्र अधिकारपत्रात कायमची बसते.

आधी जमिनीवर नकाशा काढा. चावडीसमोर राख, तांदळाचं पीठ, दगड, पानं घेऊन बसा आणि बायांना पहिल्यांदा काढू द्या. पुरुष शिकारीच्या आणि रस्त्याच्या वाटा दाखवतात. सरपण, रानभाज्या, कंद, वास्ते (बांबूचे कोंब), डिंक यांच्या जागा बायांना माहीत असतात आणि त्या जागा बऱ्याचदा पुरुषांनी दाखवलेल्या हद्दीच्या बाहेर निघतात. हा नकाशा कागदावर उतरवा, स्थानिक नावं जशीच्या तशी लिहा. सरकारी नकाशात फक्त ‘कक्ष क्रमांक अमुक’ असतो. तुमच्या नावांनीच सिद्ध होतं की इथे माणसं वावरत होती.

मग प्रत्यक्ष फेरी. पानगळ झालेली असावी, म्हणजे समोरचा डोंगर दिसतो. सोबत समिती, दोन-तीन जाणते, शेजारगावची माणसं (त्यांच्याबद्दल पुढे), आणि वनरक्षकाला लेखी बोलावणं. फोनमधलं जीपीएस चालतं, त्याला नेटवर्क लागत नाही, पण बॅटरी लागते, म्हणून दोन फोन आणि एक पॉवर बँक. प्रत्येक वळणावर, नाल्याच्या संगमावर, जुन्या झाडाशी, देवाच्या ठिकाणी बिंदू घ्या. वहीत बिंदूचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, जागेचं नाव आणि फोटोचा क्रमांक एका ओळीत लिहा. दोन्ही फोनमध्ये अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीनेच दिसतील असं आधी करून घ्या. एकात अंश-मिनिटं आणि दुसऱ्यात दशांश असे मिसळलेले बिंदू एकदा मी नकाशावर टाकले, तर अर्धं गाव शेजारच्या राज्यात गेलं.

इथे तीन चुका ठरलेल्या असतात.

पहिली, वन विभागाच्या कक्षाची रेषा हीच गावाची हद्द धरणं. कक्ष हे कामाच्या सोयीसाठी पाडलेले तुकडे आहेत, तुमची पारंपरिक हद्द त्यांना आडवी कापून जाऊ शकते.

दुसरी, राखीव वन किंवा अभयारण्य आलं की तिथेच थांबणं. कायद्यातल्या व्याख्येत राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान हे सगळं येतं, गावाचा तिथे परंपरेने वावर होता एवढं पुरे.

तिसरी, ‘मागायचंच तर जास्त मागू’ म्हणून कधी न गेलेल्या डोंगरापर्यंत रेषा ओढणं. पडताळणीच्या दिवशी त्या डोंगरावरच्या एका झऱ्याचं नाव विचारलं जातं आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

तपासा: नकाशावरून काढलेलं क्षेत्र आणि फॉर्ममध्ये लिहायचं क्षेत्र जुळतंय का? एकर आणि हेक्टरची गल्लत मी मोजायची सोडून दिली आहे. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर.

टप्पा ५: शेजारगावांशी आधी बसा

शेजारच्या गावाला पडताळणीच्या दिवशी नोटीस गेली आणि तेव्हाच त्यांना कळलं, तर भांडण निश्चित. फेरीच्या आधी एकदा त्यांच्या गावात जाऊन बसा. ते तुमच्याकडे येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

अशाच एका बैठकीत दोन गावांची माणसं एका नाल्यावरून तासभर तावातावाने बोलत होती. शेवटी कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, “अरे बाबू, तो नाला पावसाळ्यात आमचा आणि उन्हाळ्यात त्यांचा. त्यांची गुरं पाण्याला कुठं जातील?” वाद मिटला, कारण तो मुळात वाद नव्हताच, तो दोघांचा वहिवाटीचा नियम होता. फॉर्ममध्ये सीमेवरच्या गावांची नावं लिहायची असतात, तिथेच साधनं आणि जबाबदाऱ्या कशा वाटून घेतल्या आहेत हेही लिहायची सोय आहे. ती रिकामी सोडू नका. नाला, गायरान, देवाची जागा, सामाईक असेल ते सामाईक म्हणून लिहा आणि दोन्ही ग्रामसभांच्या सह्यांचं पत्र जोडा.

दोन गावांचे दावे खरोखर एकमेकांवर येत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष काढायचा आणि आपापल्या ग्रामसभेला द्यायचा. तरीही सुटलं नाही तरच ते उपविभागीय समितीकडे जातं. थेट वर नेलं तर निर्णय येईपर्यंत तुमचे नातेसंबंध संपलेले असतात.

टप्पा ६: पुरावे वेगवेगळ्या प्रकारचे, एकापेक्षा जास्त

नियम १३ नुसार एकाहून अधिक पुरावे पाहिले जातात. पंचवीस कागद गोळा करण्याची गरज नाही. वेगवेगळ्या जातीचे चार-पाच पुरावे भक्कम असतात:

- निस्तार पत्रक, गॅझेटियर, जुने नकाशे, कार्य आयोजना यांपैकी जे मिळेल ते
- जंगलातल्या खुणा: देवराई, पवित्र झाडं, स्मशान, जुनी बोडी किंवा तळं, पडक्या वस्तीचे अवशेष, पाणवठे (फोटो आणि बिंदूसह)
- वापराच्या जागा: चराई, मोह-चार-तेंदू वेचण्याच्या जागा, मासेमारीचे डोह, औषधी वनस्पती
- दावेदारांव्यतिरिक्त ज्येष्ठांचे लेखी जबाब

शेवटच्या ओळीत एक मेख आहे. सामूहिक दाव्यात सगळं गावच दावेदार असतं. म्हणून आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्याच, पण शेजारगावच्या दोन ज्येष्ठांचेही घ्या. ‘त्या डोंगरावर तेच गाव गुरं चारायचं’ हे शेजाऱ्याच्या तोंडचं वाक्य फार जड असतं. टप्पा ५ आधी का, ते आता लक्षात येईल.

सावधान: उपग्रहाचं छायाचित्र पुराव्याला पूरक ठरतं, बाकीच्या पुराव्यांची जागा ते घेत नाही. उपग्रहात दिसत नाही म्हणून दावा नाकारला तर तो नकार नियमात बसत नाही.

टप्पा ७: आता फॉर्म

दोन फॉर्म आहेत. ‘बी’ हा निस्तार, गौण वनोपज, चराई, मासेमारी अशा सामूहिक वापराच्या हक्कांसाठी. ‘सी’ हा जंगलाच्या व्यवस्थापनाच्या हक्कासाठी. फक्त ‘बी’ भरून ‘आमचं सीएफआर झालं’ म्हणणारी गावं पुष्कळ आहेत. त्यांना वापराचा हक्क मिळाला, राखण्याचा नाही. दोन्ही एकत्रच भरा.

‘सी’ मध्ये सदस्यांची यादी, नकाशा, कक्ष किंवा खसरा क्रमांक (माहीत असल्यास), सीमेवरची गावं, पुराव्यांची यादी, सह्या-अंगठे. एवढंच. गावात अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासींची थोडी माणसं असली तरी दावा करता येतो, हे फॉर्ममध्येच छापलेलं आहे. सगळं गाव आदिवासी नाही म्हणून मागे हटू नका.

टप्पा ८: पडताळणी आणि ठराव

वनहक्क समितीने पडताळणीची तारीख ठरवून वन आणि महसूल विभागाला आगाऊ लेखी कळवायचं. त्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून पंचनाम्यावर पदनाम, तारीख आणि शेरा यांसह सही करायची असते. आले नाहीत तर पडताळणी थांबवू नका. त्यांची गैरहजेरी लिहा, बोलावण्याची पोच जोडा, काम पूर्ण करा. ‘आम्ही नव्हतो’ अशी हरकत त्यांनी नंतर घेतली तर दावा एकदाच फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणूनच पोचपावती सोन्यासारखी जपायची.

मग ग्रामसभा. नकाशा भिंतीवर लावा, हद्द मोठ्याने वाचून दाखवा, हरकती विचारा, त्या लिहा आणि मगच ठराव घ्या. ठरावात हे चार असलेच पाहिजेत: एकूण प्रौढ किती, हजर किती, त्यांत स्त्रिया किती, क्षेत्र किती हेक्टर. सह्या त्याच बैठकीत त्याच वहीत. नंतर घरोघर वही फिरवून घेतलेल्या सह्या ओळखू येतात, शाई बदलते.

टप्पा ९: वरच्या दोन समित्या

फाईल उपविभागीय समितीकडे द्या, प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि पूर्ण संच गावात ठेवा. तिथून ती जिल्हास्तरीय समितीकडे जाते, जिथे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात.

हे लक्षात ठेवा. ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, स्वतःच बदलायचा किंवा फेटाळायचा नसतो. उपविभागीय समितीने दावा बदलला किंवा नाकारला तर ते गावाला कळवावं लागतं आणि त्याविरुद्ध ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते, योग्य कारण असल्यास ३० दिवस वाढतात. अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या अधिसूचनेनंतर जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवरही अपील आहे. आणि एखाद्या गावाचा सीएफआर मान्य झालाच नसेल तर त्याची कारणं जिल्हास्तरीय समितीच्या सचिवाने नोंदवून ठेवायची असतात. ती कारणं लेखी मागा.

टप्पा १०: अधिकारपत्र हातात घेण्याआधी वाचा

कार्यक्रम असतो, मंडप असतो, हार असतात. तरी वाचा. सीएफआरचं अधिकारपत्र जोडपत्र ४ च्या नमुन्यात हवं, कारण जोडपत्र ३ सामूहिक वापराच्या हक्काचं आहे. जोडपत्र ४ मध्ये असं स्पष्ट वाक्य आहे की कायदा आणि नियम यांतल्या अटींखेरीज या हक्कावर इतर कोणतीही अट घातलेली नाही. त्याच्या खाली कोणी वेगळ्या अटी टंकलिखित केल्या असतील, क्षेत्र कमी झालं असेल, एखादा कक्ष गळला असेल, तर पत्र घ्या पण त्याच आठवड्यात ग्रामसभेचा ठराव करून लेखी हरकत नोंदवा.

मग अंतिम नकाशा आणि अभिलेखातली नोंद. ती राज्याच्या कायद्यातल्या मुदतीत किंवा तीन महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायची असते. नोंद झाली नाही तर पाच वर्षांनी नवा तलाठी, नवा वनपाल येतो आणि त्यांच्या लेखी तुमचं जंगल पूर्वीसारखंच असतं.

टप्पा ११: समिती आणि आराखडा, व्यापारी येण्याआधी

आता खरं काम. बहुतेक गावं इथे थकलेली असतात आणि नेमक्या त्याच वेळी तेंदूचा कंत्राटदार दारात उभा असतो.

नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभेने वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्यासाठी समिती करायची. दाव्यासाठीची वनहक्क समिती वेगळी, ही वेगळी. हिने आराखडा करायचा, ग्रामसभेने तो मंजूर करायचा आणि वन विभागाच्या आराखड्याशी जोडून घ्यायचा. जोडताना कोणते बदल लागतील हेही हीच समिती ठरवते. म्हणून विभागाचा जुना सूक्ष्म आराखडा घेऊन त्यावर गावाचं नाव लिहिणं हा आळस आहे.

आराखडा वीस पानांचा चालेल, पण तो गावाला वाचून समजला पाहिजे. जंगल स्थानिक नावांनी पाच-सहा भागांत वाटा. प्रत्येक भागासाठी चार प्रश्न: काय आहे, काय कमी झालंय, काय घ्यायचं, किती वर्षं हात लावायचा नाही. प्रत्येक भागात १० मीटर बाय १० मीटरचे तीन-चार चौकोन आखा, कोपऱ्यात दगड रंगवा आणि मोह, चार, बिजा, बांबू यांची रोपं मोजा. दर वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. एवढ्यावरून कळतं की जंगल येतंय की जातंय.

नियम कसे असावेत याचे काही नमुने:

बांबू: पावसाळ्यात तोड नाही, कारण तेव्हा वास्ते फुटतात. एक-दोन वर्षांच्या कोवळ्या काड्या ठेवा. बेटात मोजक्याच काड्या असतील तर ते बेट सोडा. बुंध्याशी जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, पेराच्या वर कापा. बाहेरून ओरबाडू नका, घोड्याच्या नालेसारखं एका बाजूने आत शिरा. आणि एकदा तोडलेल्या भागाला पुढची तोड येईपर्यंत विश्रांती द्या.

मोह: झाडाखालचा पाला पेटवून फुलं वेचण्याची सवय हे मार्च-एप्रिलच्या वणव्यांचं मोठं कारण आहे. पाला झाडून घ्या किंवा खाली जाळी, जुन्या साड्या पसरा. फेब्रुवारीअखेर जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) साफ झालेली हवी. वणवा लागल्यावर कोण कुठे धावणार, हे घरांच्या क्रमाने लिहून चावडीवर लावा.

चार: ‘मी नाही तोडलं तर दुसरा तोडेल’ म्हणून कच्चाच ओरबाडला जातो आणि भाव पडतो. ग्रामसभेने एक तारीख ठरवा, त्याआधी कोणी झाडाला हात लावायचा नाही. ही तारीख शेजारगावांनाही कळवा, नाहीतर तुमच्या शिस्तीचा फायदा ते घेतील.

चराई: एक भाग बंद, बाकी उघडे, आणि बंद भाग बदलत राहणारा. मेंढ्या-शेळ्यांच्या मालकांना बैठकीत बसवल्याशिवाय हा नियम लिहू नका. ज्यांच्यावर बंदी येणार त्यांनीच जागा निवडली तर ती पाळली जाते.

तेंदू: खुटकटाई (नवी पानं यावीत म्हणून तेंदूची छाटणी) करायची का, किती भागात, हे जानेवारीतच ठरवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. त्यांनी बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडेल असं नाही, पण हा निर्णय गावाचा असतो, कंत्राटदाराचा नव्हे, एवढं त्यातून घ्यावं.

सावधान: गौण वनोपजात बांबू, तेंदू, मध, डिंक, लाख, मोह, कंदमुळं येतात. इमारती लाकूड येत नाही. सागाचं झाड तोडून विकण्याचा हक्क या कायद्याने मिळत नाही, आणि शिकारबंदी कायम आहे. चोर पकडला तर मारहाण नको. पंचनामा करा, माल आणि जागेचा फोटो घ्या, वन विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

टप्पा १२: पहिल्या हंगामाची विक्री

गौण वनोपजावर स्वामित्वशुल्क नाही आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवरचा हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. तेही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा. आता तुम्हाला मंत्र्यांची वाट पाहायची गरज नाही, पण पुस्तकाची शिस्त हवी.

परवाना पुस्तकाला क्रमांक, प्रत्येक पानाच्या तीन प्रती, सही फक्त ठरावाने नेमलेल्या दोघांची. माल, नग किंवा वजन, गाडीचा क्रमांक, कुठून कुठे, तारीख हे सगळं गाडी भरल्यावरच लिहायचं. कोऱ्या पानांवर सह्या करून पुस्तक कंत्राटदाराच्या मुनिमाकडे देणं ही सगळ्यांत महागडी चूक आहे. त्या पानांवर कुठल्या जंगलाचा माल जातो हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि चौकशी आली की सही तुमची असते.

तेंदूचा सौदा लेखी करा. महाराष्ट्रात प्रमाण गोणी म्हणजे ७० पानांचे १,००० पुडे. भाव गोणीचा की पुड्याचा, हे करारात स्पष्ट लिहा. अनामत रक्कम आधी, हप्त्यांच्या तारखा ठरलेल्या, शेवटची रक्कम जमा झाल्याशिवाय माल गोदामातून हलणार नाही ही अट. फडीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) रोजचं मोजमाप गावचा माणूस करेल, मुनीम नाही. बँक खातं ग्रामसभेच्या नावावर, पॅन ग्रामसभेचं, सह्या दोन आणि त्यांतली एक बाईची. कर कोणी वसूल करून भरायचा हे सौद्याआधीच सनदी लेखापालाकडून समजून घ्या. नंतर नोटीस आली की कंत्राटदार फोन उचलत नाही.

मजुरी वेगळी, ग्रामसभेचा हिस्सा वेगळा. हिश्शातून जंगलावर किती, गावकामावर किती, शिल्लक किती हे हंगामाआधी ठरवा, पैसे दिसल्यावर ठरवायला बसू नका. हंगाम संपल्यावर पंधरा दिवसांत ग्रामसभा बोलवा आणि हिशोब रकमेसह मोठ्याने वाचा: कोणाला किती पुड्यांचे किती मिळाले, कोणत्या परवान्यावर किती माल गेला, खात्यात किती उरले. वाचताना कोणीतरी मध्येच उठून “माझे बारा पुडे कमी धरलेत” म्हणेल. त्याला खाली बसवू नका, फडीची वही आणा.